गोल्डा मेयर: कामगारमंत्री ते पंतप्रधान

गोल्डा मेयर यांचे नाव निघाले की पुष्कळ लोक ‘इस्राएलच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षा’ असे म्हणून जातात. तेव्हा आधी एवढे नीट समजून घेऊ. आपल्या देशात दोन वेगळी पदे आहेत. एक ‘नसी’, म्हणजे राष्ट्रपती. कायद्यांवर सही करणे, परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारणे, निवडणुकीनंतर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे ते ठरवणे, ही नसीची कामे. दुसरे पद ‘रोश हमेमशाला’, म्हणजे पंतप्रधान. कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती असतात. भारतातही मांडणी अशीच आहे, म्हणून आपल्या आजी-आजोबांना ती समजावून सांगावी लागत नाही. गोल्डाबाई पंतप्रधान होत्या, राष्ट्रपती नव्हत्या. नसीच्या पदावर तर आजवर एकही स्त्री निवडून आलेली नाही. २००७ साली क्नेसेतच्या सभापती दालिया इत्झिक यांनी काही महिने हंगामी नसी म्हणून काम पाहिले, तेवढेच. त्यांचे ते काम जुलै महिन्यात संपले, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. दोन्ही देशांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हा योगायोग लक्षात ठेवायला सोपा आहे.

गोल्डाबाई १७ मार्च १९६९ रोजी पंतप्रधान झाल्या. त्यांच्या आधी जगात दोनच स्त्रियांनी हे पद मिळवले होते: १९६० साली श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सिरिमाओ बंदरनायके यांनी आणि १९६६ साली भारतात इंदिरा गांधी यांनी. दोघीही कर्तबगार, यात वाद नाही. पण सिरिमाओबाईंचे पती त्यांच्या आधी पंतप्रधान होते, आणि इंदिराबाईंचे वडील तर पंडित नेहरू. गोल्डाबाईंचे वडील सुतार होते आणि नवरा पाट्या रंगवण्याचे काम करी. घरातून मिळालेली गादी नव्हती. म्हणून त्या वर कशा चढल्या, कोणकोणती कामे करत चढल्या, हे पाहण्यासारखे आहे. पंतप्रधानपदाची पाच वर्षे सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांवर सिनेमेही निघतात. आपल्या घरांत ज्या कामाचा उपयोग आजही होतो, ते मात्र त्याआधीच्या एका खात्यातले आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. या लेखात त्या खात्याला जागा थोडी जास्त दिली आहे.

३ मे १८९८ रोजी कीव शहरात तिचा जन्म झाला. माहेरचे नाव गोल्डा माबोविच. तेव्हा कीव रशियाच्या झारच्या राज्यात होते आणि यहुद्यांवर हल्ले होण्याची भीती कायम असे. गोल्डाच्या सर्वांत जुन्या आठवणींपैकी एक अशी, की हल्ला होणार अशी आवई उठली आहे आणि वडील घराच्या दाराला फळ्या ठोकत आहेत. नुसत्या फळ्या! एवढ्याने काय अडणार होते, असे त्या पुढे मोठेपणी विचारीत. वडील पोटासाठी अमेरिकेला गेले, आणि १९०६ साली आई मुलींना घेऊन त्यांच्यामागून मिलवॉकी शहरात पोचली. आईने किराणा मालाचे दुकान टाकले. सकाळी आई माल आणायला बाजारात गेली की आठ वर्षांच्या गोल्डाने गल्ल्यावर बसायचे. त्यामुळे शाळेला रोज उशीर. ती रडत रडत शाळेत जाई.

अकराव्या वर्षी या मुलीने पहिली सभा भरवली. शाळा फुकट होती, पण पुस्तकांचे पैसे पडत आणि गरीब मुलांना ते परवडत नसत. गोल्डाने मैत्रिणी जमवल्या, एक सभागृह मिळवले, लोकांना बोलावले आणि भाषण करून पुस्तकांसाठी पैसे गोळा केले. भाषण लिहून आणलेले नव्हते. पुढे आयुष्यभर तिची भाषणे तशीच होत.

आईचे म्हणणे, मुलीला शिकवून काय करायचे? त्या काळी त्या भागात शिक्षिकेला लग्न करता येत नसे, आणि आईने तर वयाने बराच मोठा असलेला एक नवरा मनात धरला होता. गोल्डा घरातून पळून डेन्व्हरला थोरल्या बहिणीकडे, शेनाकडे गेली. शेनाच्या घरी संध्याकाळी चहाच्या टेबलाभोवती स्थलांतरित यहुदी तरुणांचे वाद रंगत. समाजवाद, झायोनवाद, कामगारांचे हक्क. गोल्डा कपबशा विसळता विसळता ऐकत असे. तिथेच मॉरिस मायरसन भेटला, कविता आणि संगीताचा वेडा. १९१७ साली त्यांचे लग्न झाले. लग्नाआधी तिने अट घातली होती: आपण पॅलेस्टाइनला जायचे. मॉरिसला त्याची फारशी ओढ नव्हती, तरी तो तयार झाला.

१९२१ साली दोघे इथे आले. मेरहाव्या किबुत्झने त्यांचा अर्ज आधी नाकारला होता. अमेरिकेची मुलगी, तिला कष्ट झेपणार नाहीत असे त्यांना वाटले. मग गोल्डाने बदाम तोडले, कोंबड्या सांभाळल्या, स्वयंपाकघरात पाळ्या केल्या. तिला ते आवडले. मॉरिसला ते जीवन मानवेना, मलेरियानेही त्याला गाठले. किबुत्झ सुटला. यरुशलेममध्ये दोन मुले झाली, मेनाहेम आणि सारा, आणि त्याबरोबर अशी गरिबी आली की मुलाच्या बालवाडीची फी फेडण्यासाठी गोल्डा तिथले सगळे कपडे धूत असे. पाणी तापवायचे, फळीवर घासायचे, पिळायचे.

१९२८ मध्ये तिला स्त्री-कामगार परिषदेच्या सचिवपदासाठी विचारले गेले. ही परिषद हिस्ताद्रुतची, म्हणजे कामगारांच्या महासंघाची, शाखा होती. तिने ते पद घेतले आणि मुलांसह तेल अवीवला आली. मॉरिस यरुशलेमलाच राहिला. घटस्फोट कधी झाला नाही, पण संसार तिथे संपला. आई आणि शेना तिला बोल लावत: मुलांना टाकून सभा काय करतेस? तिला स्वतःलाही ते टोचत असे. कामावर असताना मुलांची ओढ आणि मुलांजवळ असताना कामाची, ही ओढाताण तिने १९३०च्या सुमारास एका लेखात उघडपणे मांडली होती. साराला मूत्रपिंडाचा मोठा आजार झाला, तेव्हा १९३२ साली ती दोन्ही मुलांना घेऊन उपचारासाठी न्यूयॉर्कला गेली. मुलगी बरी झाली. पण त्या दोन वर्षांतही गोल्डाने अमेरिकाभर हिंडून स्त्री-संघटनेसाठी वर्गणी गोळा केलीच. आपल्या समाजातल्या ज्या आज्या मुंबईत नर्स किंवा शिक्षिका म्हणून नोकरी करून घर चालवत होत्या, त्यांना हा भाग कोणी समजावून सांगायला नको.

इथून पुढचा काळ भराभर सांगते. हिस्ताद्रुतच्या मुख्य मंडळात प्रवेश. १९३८ साली एव्हियाँ येथे यहुदी निर्वासितांवर परिषद भरली, तिला गोल्डाबाई निरीक्षक म्हणून हजर होत्या. ३२ देश एकामागून एक उठून सहानुभूती दाखवत होते आणि जागा जवळजवळ कोणीच देत नव्हते. त्यांना बोलण्याचाही अधिकार नव्हता. १९४६ साली ब्रिटिशांनी यहुदी पुढाऱ्यांना पकडले. त्यांत मोशे शारेत तुरुंगात गेले आणि त्यांच्या राजकीय खात्याचा कारभार गोल्डाबाईंकडे आला.

मग १९४८चा जानेवारी. युद्ध होणार हे स्पष्ट होते आणि शस्त्रांना पैसा नव्हता. खजिनदार कापलान सांगत होते की अमेरिकेतल्या यहुद्यांकडून फार तर सत्तर-ऐंशी लाख डॉलर मिळतील. बेन-गुरियोन स्वतः जायला निघाले. गोल्डाबाई म्हणाल्या, इथे जे तुम्ही करता ते मला जमणार नाही, पण तिथे जे तुम्ही करणार ते मी करू शकेन. त्या गेल्या. शिकागो येथे यहुदी संस्थांची एक मोठी परिषद भरली होती. तिथले लोक झायोनवादी होतेच असे नाही. गोल्डाबाई हातात कागद न घेता बोलल्या. आम्ही लढू की नाही हे तुम्ही ठरवणार नाही, ते ठरलेलेच आहे. आम्ही जिंकू की नाही, एवढेच तुमच्या हातात आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. परत आल्या तेव्हा ५ कोटी डॉलर जमले होते. एका यहुदी स्त्रीने पैसा आणला म्हणून हे राज्य उभे राहिले, असे इतिहासात लिहिले जाईल, असे बेन-गुरियोन म्हणाले. अकरा वर्षांच्या मुलीने मिलवॉकीत पुस्तकांसाठी केलेली सभा आणि ही सभा, दोन्हींत कामाची तऱ्हा एकच होती.

मे महिन्यात त्या अरब स्त्रीचा वेष घेऊन रात्री अम्मानला जॉर्डनच्या राजा अब्दुल्लांना भेटायला गेल्या, युद्ध टळते का पाहायला. टळले नाही. १४ मे १९४८च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३७ जणांच्या सह्या आहेत. त्यांत स्त्रिया दोनच: गोल्डाबाई आणि राहेल कोहेन-कागान. सही करताना आपल्याला रडू आवरेना, असे गोल्डाबाईंनी लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी त्या मॉस्कोला इस्राएलच्या पहिल्या राजदूत म्हणून गेल्या. रोश हशानाला, म्हणजे आपल्या नव्याच्या सणाला, त्या तिथल्या मोठ्या सिनेगॉगला गेल्या तर रस्त्यावर हजारोंची गर्दी. स्टालिनच्या राज्यात यहुदी म्हणून असे रस्त्यावर येणे जिवावरचे होते. त्या गर्दीचे चित्र पुढे १९८४ साली आपल्या १०,००० शेकेलच्या नोटेवर छापले, एका बाजूला गोल्डाबाई आणि दुसऱ्या बाजूला मॉस्कोचे यहुदी. ती महागाईची वर्षे होती. दुसऱ्याच वर्षी तीन शून्ये कापली गेली आणि गोल्डाबाई १० शेकेलच्या नोटेवर आल्या. पुढे तिचेही नाणे झाले. कोणाच्या कपाटात ती जुनी नोट असेल तर मुलांना जरूर दाखवा.

आता त्या खात्याकडे वळू. १९४९ ते १९५६ अशी सात वर्षे गोल्डाबाई कामगारमंत्री होत्या, आणि ही आपल्या आयुष्यातली सर्वांत समाधानाची वर्षे होती असे त्या स्वतः सांगत. देशाची स्थिती काय होती? पहिल्या साडेतीन वर्षांत सुमारे ७ लाख माणसे आली. आधीपासून राहणारे यहुदी साधारण तेवढेच होते. म्हणजे चार माणसांच्या घरात एकदम चार पाहुणे, तेही कायमचे, आणि घरात पीठ-मीठ नाही. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले, येमेन आणि इराकहून आलेले, मोरोक्कोचे, आणि मुंबई-कोकणातून आलेले आपले लोक. सगळ्यांना आधी तंबूत आणि पत्र्याच्या खोल्यांत ठेवले. या छावण्यांना ‘मअबारा’ म्हणत. हिवाळ्यात तंबूत चिखल, उन्हाळ्यात पत्रा तापायचा. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याकडून ऐकलेलेच बरे.

गोल्डाबाईंकडे घरबांधणी, रस्ते आणि रोजगार, तिन्ही गोष्टी आल्या. त्यांचा आग्रह होता की माणसाला फुकट पैसे वाटायचे नाहीत, काम द्यायचे. म्हणून रस्ते बांधणे, झाडे लावणे, दगड वेचणे अशी सरकारी कामे काढली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याची आणि बंधारे घालण्याची कामे निघाली होती, ती ज्यांनी पाहिली त्यांना हा प्रकार लगेच कळेल. हेतू चांगला होता. पण ज्याने मुंबईत गिरणीत, रेल्वेत किंवा कचेरीत कारकुनी केली, त्याच्या हातात नेगेवच्या उन्हात कुदळ आली, तेव्हा त्याला काय वाटले असेल? बीरशेबा येथे आपल्या लोकांपैकी काहींनी १९५१ साली बैठा सत्याग्रह केला. कामात, घरात, अगदी पावाच्या वाटपातही रंग पाहून दुजाभाव होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९५२ मध्ये काही कुटुंबांना विमानाने मुंबईला परत नेण्यात आले. त्यांतली बरीच पुढे पुन्हा इथे आली. तो झगडा मुख्यतः यहुदी एजन्सीशी होता, गोल्डाबाईंच्या खात्याशी थेट नव्हता. तरी त्या काळच्या कारभारात कोणाची गाऱ्हाणी वर पोचत आणि कोणाची नाही, हे त्यातून दिसते. याच गोष्टीकडे पुढे एकदा यावे लागेल.

त्या खात्यातून निघालेले सर्वांत टिकाऊ काम म्हणजे राष्ट्रीय विमा. १९५३ साली कायदा झाला आणि १९५४च्या एप्रिलपासून ‘बितुआख लेउमी’ सुरू झाले. आज हे नाव घराघरांत आहे. महिन्याच्या ठराविक तारखेला आजीच्या खात्यात पेन्शन जमा होते, ती तिथून. कामावर अपघात झाला तर भरपाई, ती तिथून. बाळंतपणाचे अनुदानही त्याच कायद्यात होते. ते देताना बाळंतपण रुग्णालयात व्हावे अशी अट ठेवली होती, आणि तिच्यामुळे छावण्यांतल्या कितीतरी बायका दवाखान्यापर्यंत आल्या. १९५४ सालच्या स्त्री-कामगार कायद्याने बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा बांधून दिली. आपल्या पगाराच्या चिठ्ठीत बितुआख लेउमीचे पैसे कापलेले दिसले की तरुण मंडळी कुरकुर करतात. करू द्या. पण देश कर्जात बुडालेला, लोक तंबूत राहत असलेले, अन्न शिधापत्रिकेवर, अशा वेळी म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा कायदा आणायला निघालेल्या या बाईला मंत्रिमंडळात किती जणांनी वेड्यात काढले असेल, याचा विचार करावा. माझ्या मते गोल्डाबाई कुठल्याही युद्धाहून, कुठल्याही भाषणाहून या कायद्यात मोठ्या दिसतात.

१९५५ मध्ये पक्षाने त्यांना तेल अवीवच्या महापौरपदासाठी उभे केले. महापौर तेव्हा नगरसेवक निवडत. धार्मिक गटाच्या दोन मतांवर सारे अडले, आणि स्त्रीला मत देणार नाही म्हणून ती मते मिळाली नाहीत. पद गेले. जी बाई रशियाला राजदूत चालते, मंत्री चालते, ती एका शहराला चालू नये, याचा त्यांना फार राग आला होता. दुसऱ्या वर्षी त्या परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि बेन-गुरियोन यांच्या आग्रहाने मायरसन हे आडनाव हिब्रू वळणाचे करून ‘मेयर’ असे घेतले. मॉरिस १९५१ सालीच वारले होते. परराष्ट्र खात्यात त्यांचे आवडते काम आफ्रिकेचे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना शेतीतले, दवाखान्यांतले, पाणीपुरवठ्याचे जाणकार पाठवायचे, आणि तिथल्या तरुणांना इथे शिकायला आणायचे. १९६४ साली झांबियात असताना पाहुण्यांना व्हिक्टोरिया धबधबा दाखवायला नेले. पलीकडच्या ऱ्होडेशियाच्या पोलिसांनी काळ्या पाहुण्यांना अडवले. मग मलाही धबधबा पाहायचा नाही, म्हणून गोल्डाबाई परत फिरल्या.

बेन-गुरियोन त्यांच्याबद्दल म्हणत, माझ्या मंत्रिमंडळातला हा एकच पुरुष. लोक हे मोठ्या कौतुकाने सांगतात. गोल्डाबाईंना मात्र त्यात कौतुक वाटत नसे. एखाद्या पुरुषाला ‘ही मंत्रिमंडळातली एकटी बाई’ म्हटले तर तो खूश होईल का, असे त्यांचे म्हणणे.

२६ फेब्रुवारी १९६९ रोजी पंतप्रधान लेवी एश्कोल वारले. पक्षातले दोन तरुण दावेदार, मोशे दायान आणि यिगाल आलोन, एकमेकांना भारी. भांडण नको म्हणून सत्तरी गाठलेल्या, निवृत्त होऊन बसलेल्या गोल्डाबाईंना बोलावले. त्यांना रक्ताचा कर्करोग होता, आणि ही गोष्ट जनतेला त्यांच्या मृत्यूनंतरच कळली. तात्पुरती सोय म्हणून आणलेल्या बाईने त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षाच्या आघाडीला ५६ जागा मिळवून दिल्या. इतक्या जागा इस्राएलमध्ये कोणाला ना आधी मिळाल्या ना नंतर. शनिवारी शब्बाथ संपला की जवळचे मंत्री त्यांच्या घरी जमत, त्या स्वतः चहा-कॉफी करत, केक कापत, आणि रविवारच्या बैठकीत काय ठरायचे ते तिथेच ठरून जाई. ‘गोल्डाचे स्वयंपाकघर’ हा शब्द हिब्रूत तेव्हापासून रुळला.

भारताशी त्या काळी पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते, मुंबईत फक्त वाणिज्य दूतावास होता. तरी १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी गोल्डाबाईंच्या सरकारने इंदिरा गांधींच्या सरकारला उखळी तोफा आणि दारूगोळा गुपचूप पुरवला, हे पुढे जुन्या कागदपत्रांतून बाहेर आले. पूर्ण संबंध जुळायला १९९२ उजाडले.

बंद दाराच्या बैठकीला एक खोट असते. आत जे बसतात त्यांनाच एकमेकांचे ऐकू येते. १९७१ साली यरुशलेमच्या मुसरारा वस्तीतल्या मोरोक्को वगैरे देशांतून आलेल्या घरांतल्या तरुणांनी ‘काळे चित्ते’ नावाने चळवळ उभी केली. घर, शाळा, नोकरी सगळीकडे आम्ही मागे का, हा त्यांचा सवाल. गोल्डाबाई त्यांना भेटल्या, पण ही मुले काही चांगली नाहीत, असे जाहीरपणे बोलून गेल्या. ते वाक्य त्यांना शेवटपर्यंत चिकटले. त्यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी समिती नेमली, पैसेही वाढवले. पण लोकांना आठवते ते वाक्य. स्वतः कपडे धुऊन फी भरलेल्या बाईला ही मुले कळू नयेत, याचे आश्चर्य वाटते. मला वाटते, आम्ही याहून जास्त सोसले आणि तक्रार केली नाही, ही त्यांच्या पिढीची धारणा आड आली. पॅलेस्टिनी नावाचे वेगळे लोकच नाहीत, असे त्या १९६९ साली एका मुलाखतीत म्हणाल्या, त्यावरून तर आजही त्यांच्यावर कडक टीका होते. आणि १९७१ साली इजिप्तच्या सादात यांनी समझोत्याची तयारी दाखवली, तेव्हा ती पुरेशी मनावर घेतली का, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

१९७३ सालचा दरफाळणीचा सण, योम किप्पूर, ६ ऑक्टोबरला शनिवारी आला. त्याआधी २५ सप्टेंबरला जॉर्डनच्या राजा हुसेन यांनी गुप्तपणे येऊन गोल्डाबाईंना धोक्याची सूचना दिली होती. शुक्रवारी बातमी आली की रशियन सल्लागारांची कुटुंबे सीरियातून आणि इजिप्तमधून घाईने निघून जात आहेत. गोल्डाबाईंना हे बरे वाटले नाही. ही माणसे का पळत आहेत, असे त्या विचारत होत्या. पण लष्करी गुप्तहेर खात्याचे प्रमुख म्हणत होते की युद्धाचा संभव फार कमी. सेनापती अनुभवी, संरक्षणमंत्री दायान. त्यांच्यापुढे आपण काय सांगणार, म्हणून त्या गप्प राहिल्या. शनिवारी पहाटे खात्रीची खबर आली की युद्ध आजच. सकाळी आठला बैठक बसली. सेनाप्रमुख दावीद एलाझार यांना सगळे राखीव सैन्य बोलावायचे होते आणि आपण आधी हल्ला करायचा होता. दायान यांना थोडेच सैन्य बोलवायचे होते. गोल्डाबाईंनी निवाडा दिला: सैन्य मोठ्या प्रमाणावर बोलवा, पण पहिला वार आपण करायचा नाही, नाहीतर अमेरिकेची मदत मिळणार नाही. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले. उपास धरलेले, तालित अंगावर असलेले तरुण सिनेगॉगमधूनच निघाले. आपल्या घरांतलेही गेले. दुसऱ्या दिवशी, ज्याला आपण शिळा सण म्हणतो आणि एकमेकांच्या घरी जातो, त्या दिवशी घरोघर रेडिओला कान लावलेली माणसे होती.

युद्ध जिंकले, पण २,५०० हून अधिक सैनिक गेले. चौकशीसाठी आग्रानात आयोग बसला. १ एप्रिल १९७४च्या अहवालात त्याने दोष सेनाधिकाऱ्यांवर ठेवला, आणि गोल्डाबाईंच्या त्या सकाळच्या निर्णयाची तर वाखाणणी केली. कागदावर त्या सुटल्या. पण रस्त्यावर विधवा, आईबाप आणि रणांगणावरून परतलेले सैनिक उभे होते. ११ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी आयोगाचा आडोसा घेतला नाही. शुक्रवारी सकाळी माझ्या मनाने जे सांगितले ते मी ऐकायला हवे होते, सैन्य तेव्हाच बोलवायला हवे होते, आणि ही गोष्ट मी शेवटपर्यंत विसरू शकणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. आपल्या वडीलधाऱ्यांत यावरून अजून दोन तट आहेत. कोणी म्हणतात, सेनापतींनी फसवले तर बाईंनी काय करायचे? कोणी म्हणतात, खुर्ची घेतली की जबाबदारीही घेतली. गोल्डाबाईंचे स्वतःचे मत दुसऱ्या तटाचे होते, एवढे त्यांच्या लिखाणावरून दिसते.

नोव्हेंबर १९७७ मध्ये सादात यरुशलेमला आले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांशी युद्ध केले ती दोन माणसे क्नेसेतमध्ये समोरासमोर बसली. सादात यांना नुकतीच नात झाली होती. गोल्डाबाईंनी एका आजीकडून एका आजोबाला म्हणून बाळासाठी भेट दिली. सादात आपल्याला नेहमी ‘म्हातारी’ म्हणतात, हेही त्यांनी सगळ्यांसमोर हसत हसत सांगितले.

८ डिसेंबर १९७८ रोजी त्या वारल्या. दोन दिवसांनी सादात आणि बेगिन यांना ओस्लो येथे शांततेचे नोबेल पारितोषिक द्यायचा समारंभ होता. त्यांनी लिहून ठेवले होते की माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत आणि कशालाही माझे नाव देऊ नका. हर्झल टेकडीवर त्यांना भाषणांशिवाय मूठमाती दिली. नावाचे मात्र कोणी ऐकले नाही. यरुशलेममध्ये गोल्डा मेयर यांच्या नावाचा हमरस्ता आहे. नेगेवमध्ये रेव्हिविम किबुत्झ आहे. तो उभारणाऱ्यांत त्यांची मुलगी सारा होती, आणि गोल्डाबाई तिच्याकडे राहायला जात. त्या किबुत्झजवळच गोल्डा पार्क आहे. बीरशेबा, दिमोना, येरुहामची आपली मंडळी मुलाबाळांना घेऊन तिथे जाऊ शकतात. वाळवंटात पाणी आणि सावली दोन्ही आहे, जेवणाचे डबे सोबत न्यावेत.